चाळीस हजार कोटी पानं, चार शब्द

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर या तहसिली वेगळ्या निघाल्या आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा नवा जिल्हा झाला. त्याच महिन्यात तिकडे वॉशिंग्टनला गुगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष चालू होती. उलटतपासणीत एक आकडा बाहेर आला. २०२० च्या सुमारास गुगलच्या सूचीत जवळपास ४०० अब्ज दस्तऐवज होते. आपल्या मोजणीत ४०,००० कोटी.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण नव्या जिल्ह्यातल्या कुणीही त्या दिवसापासून फोनवर जे काही शोधलं, मग ती बाजार समितीची वेळ असो की संत्र्यावरच्या रोगाचं औषध, ते याच ४०,००० कोटींच्या ढिगात शोधलं गेलं.

हा ढीग केवढा आहे? दर सेकंदाला एक पान, न झोपता, न जेवता बघत गेलं तर साडेबारा हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. माणसाने शेती सुरू केली तेव्हा बसलेला वाचक आज कुठे शेवटच्या पानांपाशी आला असता. गुगल स्वतः सांगतं की ही सूची १० कोटी गिगाबाइटहून मोठी आहे. १२८ गिगाबाइटच्या फोनांत ती भरायची म्हटली तर ७ लाख ८१ हजार फोन लागतील. २०११ च्या जनगणनेत पांढुर्णा शहराची वस्ती साधारण ४५ हजार होती. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातात सतरा फोन द्यावे लागतील, आणि तेही गच्च भरलेले.

वाढीचा वेगही पाहण्यासारखा आहे. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या गुगल या यंत्रावर जो निबंध लिहिला, त्यात पानांची संख्या २ कोटी ४० लाख होती. शब्दसंग्रह १ कोटी ४० लाख शब्दांचा. तेव्हा एका प्रश्नाला उत्तर यायला १ ते १० सेकंद लागत. दोन वर्षांत, २००० साली, सूची १०० कोटी पानांवर गेली. २००८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की जालावरचे १ लाख कोटी वेगवेगळे पत्ते तिच्या नजरेखालून गेले आहेत. त्यातले सगळे काही सूचीत येत नाहीत. बहुतेक पत्ते पुनरावृत्तीचे, रिकामे किंवा निरुपयोगी असतात, ते गाळले जातात. अशा गाळणीतून २०२० च्या सुमारास उरलेले ते ४०,००० कोटी.

आता विचारणाऱ्यांची संख्या. २०२५ मध्ये गुगलने सांगितलेला आकडा वर्षाला ५ लाख कोटी शोधांहून अधिक असा आहे. भागून पाहिलं तर दिवसाला १,३७० कोटी, आणि सेकंदाला सुमारे १ लाख ५८ हजार. सबंध पांढुर्णा शहराने एकाच वेळी एकेक प्रश्न विचारला, तर जगाच्या त्या रांगेत तो भार अर्ध्या सेकंदाचाही होणार नाही. आणि यातलं मला सगळ्यांत चकित करणारं हे, की रोजच्या शोधांपैकी १५ टक्के शोध यापूर्वी कुणीच केलेले नसतात, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली आहे. १,३७० कोटींचे १५ टक्के म्हणजे २०५ कोटी. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. माणूस रोज इतके कोरे प्रश्न विचारतो आहे.

या आकड्यांनी छाती दडपते. एवढ्या पसाऱ्यात माझ्या बांधावरच्या झाडाचं काय सापडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण गणित शोधणाऱ्याच्या बाजूचं आहे. ढीग गुणाकाराने वाढला खरा, पण प्रत्येक योग्य शब्द त्याला भागतो, आणि भागाकार गुणाकाराइतकाच बेफाम असतो.

करून पाहू. समजा एखादा शब्द दर हजार पानांतल्या एकाच पानावर येतो. तो लिहिला की ४०,००० कोटींचे ४० कोटी उरतात. तशाच दुसऱ्या शब्दाने ४ लाख. तिसऱ्याने ४००. चौथ्याने एकाहूनही कमी. चार शब्द आणि ढीग संपला. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देणारा कुणी भेटला आणि प्रत्येक प्रश्नाने ढीग निम्मा करता आला, तरी ३९ प्रश्नांत त्या ४०,००० कोटींतलं नेमकं एक पान हाती लागेल, कारण दोनचा एकोणचाळिसावा घात जवळपास ५५,००० कोटी होतो.

प्रत्यक्षात शब्द असे एकमेकांपासून सुटे नसतात. ‘संत्रा’ असलेल्या पानावर ‘फळगळ’ येण्याची शक्यता इतर पानांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून चार शब्दांनंतरही काही शे पानं उरतात. ते बरंच आहे. उरतात ती पानं आपल्या कामाची असतात, आणि क्रिकेटची, सिनेमाची, निवडणुकीची पानं एका फटक्यात बाहेर पडतात.

मग सगळ्यांना हवं ते का सापडत नाही? कारण आपण शब्द कमी टाकतो आणि ढोबळ टाकतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक्साइट या तेव्हाच्या शोधयंत्रावरचे दहा लाखांहून अधिक प्रश्न तपासले. एका प्रश्नात सरासरी २.४ शब्द होते. ‘संत्रा रोग’ हे दोन शब्द झाले. ‘संत्रा आंबिया बहार फळगळ बुरशी’ हे पाच. पहिल्या प्रश्नाला यंत्र सगळा संत्र्याचा संसार समोर मांडतं. दुसऱ्याला ते बागेत येतं.

हे कसं घडतं ते समजलं की शब्द निवडणं सोपं जातं. आपण बटण दाबतो तेव्हा यंत्र जालावर धावत सुटत नाही. धावाधाव आधीच झालेली असते. यंत्राने पानं आणून, प्रत्येक शब्दासमोर तो ज्या ज्या पानांवर आहे त्यांची यादी करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. ‘आणि’ या शब्दाची यादी अफाट लांब, ‘डिंक्या’ची यादी छोटी. आपण चार शब्द दिले की यंत्र चार याद्या काढतं आणि चारही याद्यांत असलेली पानं प्राधान्याने वेचतं. २००३ मध्ये गुगलच्याच अभियंत्यांनी लिहिलं होतं की एका प्रश्नासाठी त्यांची यंत्रणा शेकडो मेगाबाइट माहिती वाचते आणि संगणकाची अब्जावधी आवर्तनं खर्च करते. तेव्हा त्यांच्याकडे साधे, स्वस्त असे १५,००० हून अधिक संगणक होते.

दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यायचं, हा विचार मात्र गुगलहून जुना आहे. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी तो १९७२ मध्ये मांडला. जो शब्द जितक्या कमी कागदपत्रांत सापडतो, तितकी त्याची ओळखशक्ती मोठी. जाल जन्मायला तेव्हा जवळपास वीस वर्षं होती. आजही कोट्यवधी लोक रोज जे शोधतात त्याच्या मुळाशी या बाईंचं हे एक समीकरण आहे, आणि त्यांचं नाव आपल्या एकाही शालेय पुस्तकात असायला हवं तितकं दिसत नाही.

त्यांचा नियम आपल्या भाषेत आणला तर एवढाच: बागायतदार ज्या शब्दाने बोलतो तो शब्द टाका. ‘झाडाला काहीतरी झालंय’ यातला एकही शब्द ढिगाला भागत नाही. ‘डिंक्या’ भागतो, ‘कोळशी’ भागतो, ‘मृग बहार’ भागतो. पांढुर्णा, सौसर आणि सीमेपलीकडचे नरखेड, काटोल, वरुड हा संत्र्याचा एकच पट्टा आहे, आणि त्याची स्वतःची शब्दसंपत्ती आहे. ती शोधपेटीत आणायला लोक कचरतात. गुगलला शुद्ध पुस्तकी शब्दच कळत असतील अशी समजूत असते. पान लिहिणाऱ्याने जो शब्द वापरला असेल तोच यादीत असतो, आणि संत्र्यावर लिहिणारे बहुतेक जण बागेतलेच शब्द वापरतात.

एक पायरी आणखी आहे. डिंक्या रोगाला कारणीभूत असलेल्या बुरशीसदृश जिवाचं शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा. मराठी शब्दांबरोबर शोधून झाल्यावर हे नाव इंग्रजी लिपीत टाकून पाहा. डब्ल्यू-थ्री-टेक्स या संस्थेच्या मोजणीत जगातल्या निम्म्याच्या आसपास संकेतस्थळांची भाषा इंग्रजी आहे, तर मराठीचा वाटा ०.१ टक्क्याहून कमी. एका शास्त्रीय नावाने आपण हजारात एकाहूनही लहान कोपऱ्यातून निम्म्या जगात जातो. पाचशे पट. ब्राझील, स्पेन, फ्लोरिडातल्या बागांत त्याच रोगाशी लोक कसे झगडले ते समोर येतं, आणि भाषांतराची सोय आता फोनमध्येच असते. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, तिचं बरंच लेखनही इंग्रजीतच आहे.

आता मराठीची स्वतःची अडचण, जी इंग्रजीला फारशी जाणवत नाही. आपली नामं रूप बदलतात. पांढुर्णा, पांढुर्ण्याला, पांढुर्ण्याहून, पांढुर्ण्यातला, पांढुर्ण्यापर्यंत. संत्रा, संत्री, संत्र्याचा, संत्र्यांवर. हिशेब मांडून पाहा. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मिळून वीसच धरली (असतात त्याहून जास्त), वचनं दोन, आणि शेवटी ‘च’, ‘ही’ किंवा काहीच नाही असे तीन पर्याय. २० गुणिले २ गुणिले ३. एका नामाची १२० रूपं. यंत्राला ती सगळी एकाच शब्दाची आहेत हे कळलं नाही, तर १२० वेगळ्या याद्या होतात आणि आपण त्यातली एकच उघडतो.

यावर आपल्याकडे खरंखुरं काम झालं आहे. २००८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने फायर नावाचा उपक्रम सुरू झाला. भारतीय भाषांतला शोध किती अचूक आहे हे मोजणं हा त्याचा उद्देश, आणि त्यात मराठीही होती. महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळ यांतल्या सुमारे एक लाख बातम्यांचा साठा त्यासाठी तयार केला गेला. शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ अंगापाशी गेलं की मराठीतला शोध चांगला सुधारतो, हे त्या साठ्यावरच्या प्रयोगांतून दिसलं. पुढे आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून ‘संधान’ हे पर्यटनविषयक शोधयंत्र बनवलं, त्यातही मराठी होती. एक लाख बातम्या आणि ४०,००० कोटी पानं, हे अंतर डोळ्यांत भरतं. तरी मराठीचं व्याकरण यंत्राला समजावण्याची बैठक अशाच कामांनी घातली. आपल्याकडून करण्यासारखं सोपं आहे: आधी नाम मूळ रूपात टाकावं, मनासारखं नाही मिळालं तर सामान्यरूपात. ‘पांढुर्णा इतिहास’ने नाही भागलं तर ‘पांढुर्ण्याचा इतिहास’.

गावाच्या नावाचाही असाच विस्तार आहे. देवनागरीत ढ चा उकार ऱ्हस्व किंवा दीर्घ, आणि शेवट र्णा, र्ना, रणा, रना किंवा र्णे. दोन गुणिले पाच, दहा नावं. सौसरची तीन: सौसर, सौंसर, सावसर. दोन्ही गावं एकत्र शोधायची तर तीस जोड्या झाल्या, आणि इंग्रजीतले प्रकार त्यावर वेगळे. रोजच्या शोधांत दहातला एक चुकीच्या स्पेलिंगचा असतो असं गुगलने २०२० मध्ये सांगितलं होतं. त्यामुळे यंत्र अशा गोष्टी बरीच सांभाळून घेतं. पण जुन्या सरकारी कागदात ‘सौंसर’ असेल तर एकदा अनुस्वार देऊन शोधलेलं बरं. शिवाय विदर्भात पांढुर्णा नावाची आणखीही गावं आहेत. शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाबाकीची छोटी रेघ दिली की तो शब्द असलेली पानं गळतात. यवतमाळ नको असेल तर यवतमाळच्या आधी रेघ.

या जिल्ह्यात शोधणाऱ्याची सगळ्यांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांच्या घरात होते, देशभरात ८ कोटी ३० लाख. म्हणजे मराठीत लिहिलेल्या सरकारी माहितीचा जवळजवळ सगळा ढीग दुसऱ्या राज्याचा आहे.

सौसरच्या एखाद्या ताईने मराठीत ‘लाडकी बहीण’ असं शोधलं की तिच्यापुढे महाराष्ट्राची २०२४ ची योजना येण्याचा संभव मोठा. त्या योजनेत २०२४ मध्ये दोन कोटींहून अधिक बायका होत्या, त्यामुळे बातम्यांचा पूरच. तिची स्वतःची योजना ‘लाडली बहना’, २०२३ ची, सव्वा कोटी बायकांची. अटी वेगळ्या, कागद वेगळे, संकेतस्थळ वेगळं. एक-दोन अक्षरांच्या फरकाने बाई दुसऱ्या राज्याच्या अर्जापाशी जाऊन पोचते. जमिनीचंही तसंच. ‘सातबारा’ शोधला की महाराष्ट्राचं महाभूलेख. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला हवा असतो ‘खसरा’ आणि ‘बी-१’, आणि ते मिळतात मध्य प्रदेशाच्या भूलेखावर. ‘तलाठी’ नव्हे, ‘पटवारी’. मध्य प्रदेशातल्या ओळख क्रमांकाचा ‘समग्र आयडी’ हा शब्द तर नागपूरकराने ऐकलेलाही नसेल. कागद ज्या कचेरीचा, शब्द त्या कचेरीचे घ्यावेत. या भागातली शाळकरी मुलं हे न शिकवता करतात. आईसाठी हिंदीत शोधतात आणि तिला मराठीत सांगतात. ही फार मोठी कारागिरी आहे, आणि तिची कुणी दखल घेत नाही.

सरकारी माहितीसाठी आणखी एक सोय सांगतो. शोधपेटीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं, आणि पुढे जागा न सोडता ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ एवढं इंग्रजीत लिहावं. नंतर आपले शब्द. मग यंत्र फक्त सरकारी संकेतस्थळांवर पाहतं. शेकडो कोटी खासगी पानं, ज्यांतली बरीच ‘योजनेची संपूर्ण माहिती’ म्हणून जाहिराती विकत असतात, ती सारी या एका टाइपण्याने बाजूला होतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावा.

आणि साल. पांढुर्णा जिल्हा २०२३ चा, जनगणना २०११ ची. ‘पांढुर्णा जिल्हा साक्षरता’ असं शोधणाऱ्याला जनगणनेचा मूळ तक्ता मिळणार नाही, कारण त्या तक्त्यात हा जिल्हाच नाही. ‘छिंदवाडा’, ‘२०११’ आणि तहसिलीचं नाव टाकलं की तो मिळतो. शोधताना त्या काळात जे नाव चालत होतं ते द्यावं लागतं. शोधपेटीखालच्या साधनांत काळ निवडायची सोय असते, तीही वापरावी, विशेषतः फवारणीचा सल्ला शोधताना. दहा वर्षांपूर्वी शिफारस असलेलं औषध आज बंदीच्या यादीत असू शकतं.

आता गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगड चालतात. गावाबद्दल जगाने जे काही शोधलं असेल त्यात बहुधा हेच पहिलं. आणि इथे संख्या फसवते. पानांमागून पानं उघडावीत तर तीच कथा, दोन गावांच्या मुला-मुलीच्या प्रेमाची, त्याच वाक्यांत. परंपरा किती जुनी? कुठे तीनशे वर्षं, कुठे चारशे. जालावरचा २५ ते ३० टक्के मजकूर दुसरीकडच्या मजकुराची पुनरावृत्ती असतो, असं गुगलच्या मॅट कट्स यांनी २०१३ मध्ये सांगितलं होतं. शंभर पानं एकच गोष्ट सांगत असतील तर त्यांच्या मागे साक्षीदार कदाचित एकच असेल, आणि तोही ऐकीव. म्हणून किती पानं सांगतात हे मोजू नये, पहिलं कुणी आणि कशाच्या आधाराने सांगितलं ते शोधावं. छिंदवाड्याचं १९०७ सालचं जिल्हा गॅझेटिअर, जुनी वर्तमानपत्रं, न्यायालयाचे किंवा प्रशासनाचे आदेश, ही अशी आधाराची जागा. निकालांच्या वर पूर्वी दिसणारा ‘एवढे लाख निकाल’ हा आकडाही अंदाजच असायचा. त्या लाखांत प्रत्यक्ष हजारापुढे जाताच येत नसे.

२०२४ पासून गुगल बऱ्याच प्रश्नांना वरच एक तयार उत्तर देऊ लागलं आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेलं. त्याचाही माल याच ढिगातला. नक्कल झालेली कथा त्या उत्तरात गेली की ती एकदम खात्रीची वाटू लागते. उत्तराखाली दिलेले दुवे उघडून पाहिल्याशिवाय मी त्यावर विसंबत नाही, आणि पैशांच्या व औषधाच्या बाबतीत कुणीच विसंबू नये. बँकेचा किंवा गॅसचा मदत क्रमांक तर शोधून काढूच नये. फसवणारे खोटे क्रमांक पेरून ठेवतात. तो पासबुकावर, कार्डामागे असतो. फसवणूक झालीच तर १९३० हा सरकारी क्रमांक आहे.

पानं मरतातही. अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०१३ मध्ये जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. दहातली जवळजवळ चार. जिल्हे बदलतात, खाती बदलतात, संकेतस्थळं नवी होतात आणि जुनी पानं कुणी हलवत नाही. अशा वेळी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे जावं. १९९६ पासून हे अर्काइव्ह पानांचे ठसे साठवत आलं आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो साठा १ लाख कोटी पानांवर पोचला. मेलेला पत्ता तिथे टाकला तर कित्येकदा जुनं पान जसंच्या तसं उभं राहतं.

इतकं सगळं भागाकाराचं. पण शून्याला कशानेही भागलं तरी शून्यच. जगातल्या शंभर माणसांत एकाहून थोडी जास्त माणसं मराठी बोलणारी, आणि हजार संकेतस्थळांत एकही पुरतं मराठी नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, त्यात लाखाच्या आसपास लेख आहेत. इंग्रजीत ६५ लाखांहून अधिक. त्या लाखातही पांढुर्णा-सौसरच्या वाट्याला काय येणार? या भागातली मराठी, तिच्या म्हणी, इथल्या बागांचा अनुभव, बैलबाजारांच्या आठवणी यातलं फार थोडं लिहिलं गेलं आहे.

काही लिहिलेलं असूनही सापडत नाही, याचं कारण तांत्रिक आहे. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत, छापखान्यांत वर्षानुवर्षं कृतीदेव फॉन्टवर टंकन होत आलं. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘भारत’ दिसतं, पण यंत्राला एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं दिसतात. शब्दसूचीत ते पान ‘भारत’च्या यादीत जातच नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या फॉन्टांतल्या अंकांची, स्मरणिकांची हीच गत. नुसतं स्कॅन केलेलं पान म्हणजे तर यंत्रासाठी चित्र, अक्षरं ओळखून घेतल्याखेरीज मुकं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य गटासाठी अवघ्या १२८ जागा आहेत. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, सगळ्यांचा संसार त्या १२८ जागांत मावतो, आणि त्या जागांवर बसलेलं अक्षरच यंत्राला अक्षर म्हणून वाचता येतं. कृतीदेवमधून युनिकोडमध्ये मजकूर बदलणारी साधनं फुकट मिळतात. एखाद्या शाळेची पन्नास वर्षांची स्मरणिका, एखाद्या संस्थेचे अहवाल त्यातून काढून जालावर ठेवायला काही दिवसांचं काम लागतं.

आणि असं पान सापडेल का, या शंकेला वरच्याच गणितात उत्तर आहे. मुंबईवरच्या नव्या लेखाला लाखो लेखांशी स्पर्धा करावी लागते. सौसरच्या काळ्या जमिनीत मृग बहार धरताना पाण्याचा ताण किती दिवस दिला, कोणत्या वर्षी गारपिटीने काय गेलं, डिंक्या लागलेली झाडं कशी वाचवली, हे एखाद्या बागायतदाराने दोन पानांत साध्या मराठीत, युनिकोडमध्ये लिहिलं, तर ‘सौसर’, ‘मृग बहार’, ‘ताण’ आणि ‘डिंक्या’ या चार शब्दांच्या याद्या जिथे एकत्र येतात तिथे त्याच्याशी स्पर्धा करायला दुसरं पान क्वचितच असेल.